पिवळं बूच

एवढंसं तर होतं ते. करंगळीच्या पेराहूनही लहान, पिवळ्या प्लॅस्टिकचं, चिमटीत धरायला एका बाजूनं पाकळी ठेवलेलं – ती पाकळी आता वाकडी होऊन तपकिरी पडली होती – आणि तेलानं इतकं बुळबुळीत, की त्याच्या तळहातावर ते ठरेना. त्यानं ते अंगठ्यानं दाबून धरलं. मग अंगठा उचलून पुन्हा पाहिलं. बूचच होतं. तीस वर्षं ज्यानं गिअरबॉक्सशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही, त्याला ते कुठलं बूच हे कुणी सांगायला नको होतं. तरीही तो दुसरं काही आठवतंय का ते बघत राहिला – ब्रेकच्या बाटलीचं, पंपाचं, एखाद्या खेळण्याचं... काहीही चाललं असतं.

समोर बाकड्यावर ऑइल कूलर पडला होता. वहीएवढी ॲल्युमिनियमची जाळी, तिला दोन तोंडं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल एका तोंडानं आत जायचं, जाळीतून फिरताना वाऱ्यानं निवायचं, दुसऱ्या तोंडानं परत गिअरबॉक्सात. बस, एवढंच काम. नवा कूलर खोक्यातून येतो तेव्हा आत धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना बुचं मारलेली असतात. बुचं काढायची, मग रबरी नळ्या चढवायच्या. हे काय सांगायची गोष्ट आहे? जेवायला बसण्याआधी ताट सुलटं करा असं कुणी कुणाला सांगतं का?

हा कूलर त्यानंच बसवला होता. धाकट्या भावाच्या पिकअपला, अडीच वर्षांपूर्वी.

सकाळी निळ्या पिकअपवाला आला नसता तर तो कूलर आणखी दहा वर्षं वरच्या फळीवर पडून राहिला असता. तो माणूस ट्रेलरवर जनरेटर घालून डोंगरातल्या कामांवर पोचवायचा. “मिस्त्री, घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल होतो. जादा कूलर बसवून द्या,” म्हणाला आणि वर जोडून दिलं – “तुमच्याकडे एक पडून आहे म्हणे. वरच्या फळीवर. वजनकाट्यावरच्या माणसानं सांगितलं, तोच मागा म्हणून. बरा माणूस आहे हो तो.”

बरा माणूस! वजनकाट्यावरचा बरा माणूस म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नाही. शिडी लावून तो वर चढला. पोत्यात बांधलेला कूलर खाली आणला, आणि धुऊन घ्यावा म्हणून एका तोंडाला हवेची नळी लावली. हवा जाईना. जाळी तुंबली असेल म्हणून जोर वाढवला. तरी नुसतं फुसफुस, तेही जेमतेम. मग दुसऱ्या तोंडावर राहिलेला वीतभर नळीचा तुकडा त्याच्या नजरेला पडला – त्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेपचं टोक चटकन हाताला लागलं, एका हिसक्यात सगळी सुटली, आणि खाली नळी उभी चिरलेली. गाडीवरून कूलर काढताना भावानं चिरली असेल. घट्ट बसलेली नळी चिरूनच काढावी लागते. त्यानं ती फाकवली, बाजूला केली. आत, तोंडाच्या भोकात, तिरकं होऊन रुतलेलं... हे.

“जमेल ना तो?” गिऱ्हाइकानं मागून विचारलं.

त्यानं मूठ मिटली. “नाही. हा बाद आहे. नवा मागवतो, संध्याकाळपर्यंत येईल.”

“म्हणजे कूलर असूनही गाडी तापू शकते का?”

आणि इथे त्यानं जे केलं ते त्यालाही पुढे दिवसभर उमगलं नाही. विचार करून केलं असतं तर निदान लबाडी तरी म्हणता आली असती. पण तोंड आपलं आपण सुरू झालं, कारण दोन वर्षं हा प्रश्न कुणीही विचारला की ते असंच सुरू व्हायचं. तो वळला, भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. खिळ्याला तारेत ओवलेल्या क्लचच्या चकत्या लटकत होत्या – काळ्या ठिक्कर, कडा उडालेल्या.

“त्या बघा. गिअरबॉक्स किलोमीटरनं मरत नाही, उष्णतेनं मरतो. कूलर काय करणार? ओझं ओढताना वरचा गिअर बंद ठेवावा लागतो, घाट चढून वर आलं की दोन मिनिटं गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवावं लागतं, तेल निवू द्यावं लागतं. या चकत्या माझ्या सख्ख्या भावाच्या गाडीच्या. मी स्वतः कूलर बसवून दिला होता. पण पाय जड. ऐकायचं नाही कुणाचं. पाच महिन्यांत जाळला गिअरबॉक्स.”

“अरेरे,” गिऱ्हाईक म्हणालं. “घरातच मिस्त्री असून ही गत.”

“घरातल्याचं कोण ऐकतो?” तो म्हणाला. हे वाक्यही ठरलेलंच होतं.

मुठीत बूच होतं. घामानं आणि तेलानं ते आत सरकत होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर तो मागच्या मोरीत जाऊन उभा राहिला. नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले. बूचही धुतलं. धुतल्यावर ते जास्तच पिवळं दिसायला लागलं, तेव्हा त्यानं ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरून खिसा थोपटला, जसं काही ते उडी मारून बाहेर येणार होतं.

तो दिवस आठवायचा नाही म्हटलं तरी... गॅरेजचा एक अलिखित कायदा होता, की घरच्या गाडीचा नंबर शेवटचा. लोक म्हणतात आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्याच्या गॅरेजात उलटं होतं, आपलं ते कायम कार्टंच. भाऊ सकाळपासून बाहेर गाडीच्या पायरीवर बसून होता. त्या पिकअपवर त्याचा भारी जीव. दगडी फरशांचा ट्रेलर जोडून तो ती घाटापलीकडे न्यायचा आणि परत आला की आधी गाडीचं तोंड धुवायचा, मग स्वतःचं. पाच वाजता त्याला आत घेतलं. समोर रेडिएटरपुढे कूलर कसला, आणि नळ्या चढवताना तोंड चालूच – अरे, बोटभर फट ठेवावी लागते मध्ये, वारा खेळायला पाहिजे, कुणी शिकवलं नाही ना तुला हे, बघून घे. भाऊ बघत होता. हसत होता. “दादा, तू असताना मी कशाला शिकू?” म्हणाला.

आणि मग बाटली लावायची होती. परतीची नळी सुटी करून बाटलीत धरायची, इंजिन चालू करायचं, वीस सेकंद मोजायचे, किती तेल पडतं ते बघायचं. बाटली भरली तर रस्ता मोकळा. परक्या गिऱ्हाइकाची गाडी त्या बाटलीशिवाय त्यानं आजवर सोडली नव्हती. त्यावरच तर त्याचं नाव होतं – हा मिस्त्री मोजून देतो. त्या संध्याकाळी बाटली दोन हातांवर खिडकीत ठेवलेली होती. ती त्याला दिसली होती. अंधार व्हायला आला होता, नळी पुन्हा सोडा, पुन्हा हात बरबटवा... “घरचंच आहे,” असं तो मनाशी म्हणाला, आणि बॉनेट खाली पाडलं.

बूच तिरकं बसलं होतं, म्हणून थेंबथेंब वाट राहिली. साफ बंद असतं तर गाडी दुसऱ्याच दिवशी मेली असती आणि खरं काय ते तिथेच उघडं पडलं असतं. पण नाही. सपाटीवर ती छान चालली. आणि भावानं सांगितलं नव्हतं असंही नाही! तीनदा सांगितलं. “दादा, काटा चढतो रे.” पहिल्यांदा तो म्हणाला, चढणारच, घाट आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, तुझा पाय जड पडतो. तिसऱ्यांदा भाऊ फाटकाशी उभा राहून “एकदा बघतोस का?” म्हणाला, तेव्हा यानं गाडीखालूनच उत्तर दिलं होतं, डोकंही बाहेर न काढता – “मी बसवलेल्यात काय बघायचंय?”

चकत्या जळाल्या त्या दिवशी त्यानं चार माणसांसमोर तेलाचं भांडं भावाच्या नाकाखाली धरलं होतं. काळं तेल, करपल्याचा वास. “घे, वास घे. गाडी चालवायला अक्कल लागते.” घरी आईसमोर तेच. जेवताना तेच. भाऊ मूग गिळून बसला. दुसरा गिअरबॉक्स घालण्याची ऐपत नव्हती. गाडी भंगारवाल्यानं साखळीनं ओढत नेली, आणि आठवड्यानं भाऊ वजनकाट्यावर लागला. काचेच्या खोपटात बसून दुसऱ्यांच्या भरल्या गाड्यांची वजनं वाचायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण चोराला आपण चोर असल्याचं माहीत तरी असतं, मला कुठे माहीत होतं? मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं...

तो थांबला. नळ चालूच होता.

दोन तोंडं, दोन बुचं. त्या रात्री झाडताना ट्रेमध्ये एकच होतं. एक. ते त्यानं उचललं होतं, दुसरं कुठे गेलं म्हणून खाली वाकूनही पाहिलं होतं – क्षणभरच – आणि गेलं असेल गटारात असं म्हणून झाडू पुढे नेला होता. हे त्याला आत्ता आठवलं की इतके दिवस आठवतच होतं? आणि कूलर? दोन वर्षांत किती गिऱ्हाइकांनी कूलर मागितले, प्रत्येकाला नवा मागवून दिला. वरच्या फळीवर एक जवळजवळ कोरा पडलाय हे त्याला आठवलं नव्हतं, की शिडी लावायचा कंटाळा होता? काय कंटाळा होता नक्की? त्यानं नळ बंद केला. कुणीतरी बाहेरून “मिस्त्री!” अशी हाक मारत होतं, तिला त्यानं ओ दिली नाही.

दुपारी जेवायला घरी जायचं होतं. भाऊ येणार होता. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. काट्यावरची पाळी सोडून तो रोज दुपारी येऊन तिच्या डोळ्यात औषध घालायचा, कारण आईला दुसऱ्या कुणाचा हात चालत नव्हता. बोलणं बंद होतं असं नाही. “आलास?” “आलो.” “निघालास?” “निघतो.” एवढं व्हायचं. दोघांच्या बायकांचं याहून कमी.

सांगायचं. रस्ताभर तो वाक्य जुळवत चालला होता. सायकलच्या दुकानापाशी ते असं होतं – अरे, जरा गडबड झाली होती तेव्हा. नाही, गडबड कसली. रडीचा डाव नको. पुढच्या वळणावर – चूक माझी होती, तुझी नव्हती. हे बरं होतं. बूच काढून त्याच्या हातावर ठेवायचं आणि म्हणायचं, चूक माझी होती. भाऊ आधी बघत राहील. आईचा चेहरा... आईला पट्टीमुळे नीट दिसणार नाही, पण ऐकेल. बायको दारात उभी राहील. आणि भाऊ म्हणेल – काय म्हणेल? शिव्या देईल? देऊ दे. पण मग कधीतरी, चार दिवसांनी का होईना, म्हणेलच ना की दादानं आपण होऊन सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला पत्ता नव्हता, फळीवरचा कूलर कुणी बघायला जाणार नव्हतं, तरी माणसानं स्वतःहून येऊन कबूल केलं. असं कोण करतो आजकाल? चालता चालता त्याची मान किंचित ताठ झाली, आणि ती ताठ झाल्याचं कळल्यावर त्याला स्वतःची किळस आली. पण वाक्य चांगलं होतं, ते त्यानं टाकलं नाही.

घरात शिरला तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. भाऊ खाली फरशीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर आईची काठी.

“आलास?” भाऊ म्हणाला.

“आलो. काय करतोयस?”

“काठीची मूठ हलतेय. परवा आई मोरीपाशी घसरता घसरता वाचली. वहिनींनी टेप दिली, म्हटलं गुंडाळून टाकू.”

“मी केलं असतं की,” बायको आतून म्हणाली, “पण सासूबाईंना माझं गुंडाळलेलं पसंत नाही.”

“तुझं नको बाई,” आई म्हणाली. “मागं औषधाच्या डब्याला तू गुंडाळलीस, ती सोडायला मी अर्धा तास नखांनी उकरत बसले होते. टोकच सापडेना. याचं तसं नसतं. टोक ठेवलंस ना रे?”

“ठेवलं, आई.”

भावानं टेप दातानं तोडली. शेवटचं टोक काठीवर चिकटवण्याआधी नखाएवढं आत दुमडलं, मग अंगठ्यानं दाबलं. दुमडलेला भाग सुटाच राहिला. त्यानं काठी आईच्या हातात दिली आणि आईनं न बघता बोट फिरवून ते टोक चाचपलं. “हां,” म्हणाली.

त्याला आपण अजून चपला काढल्या नाहीत हे कळत होतं. वडील वायरमन होते. टेपचं टोक हरवलं की ते संतापायचे, दिव्याखाली रीळ धरून नखानं शोधत बसायचे आणि हाताला येईल त्या पोराच्या पाठीत धपाटा घालायचे. त्याला कितीदा बसले असतील धपाटे. तो तरी कधी टोक दुमडायला शिकला नाही. धाकटा सातव्या वर्षी शिकला. तेव्हापासून हा काहीही बांधो, सोडणाऱ्यासाठी टोक ठेवतो.

सकाळी टेपचं टोक चटकन हाताला लागलं होतं. एका हिसक्यात सगळी सुटली होती.

काढताना नळी चिरली, तेल गळू नये म्हणून टेप मारली – हे आपण कसं धरून चाललो? हवेची नळी लावली त्या तोंडावर तर टेप नव्हती. ते उघडंच होतं. गळायचं ते तिथूनही गळलं असतं. म्हणजे यानं नळी चिरली, फाकवली, आत पाहिलं. पिवळं काहीतरी पाहिलं. काढलं नाही. नळी पुन्हा होती तशी बसवली, वरून टेप गुंडाळली, टोक दुमडलं, आणि पोत्यात घालून गॅरेजात आणून दिला – “दादा, कोराच आहे, कुणाला तरी बसव.” त्या दिवशी आपण काय उत्तर दिलं होतं? गिऱ्हाइकांपुढे? “कूलर कोराच राहणार, जाळला तू गिअरबॉक्स.” आणि भाऊ हसल्यासारखं करून निघून गेला होता. वजनकाट्यावर.

म्हणजे दोन वर्षं याला माहीत होतं. भिंतीवर चकत्या टांगल्या तेव्हा, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कथा सांगितली तेव्हा, काट्यावर येणारे ड्रायव्हर तीच कथा परत यालाच ऐकवत असतील तेव्हा – तुमच्या त्या मिस्त्रीच्या भावानं म्हणे... – तेव्हाही. आणि आज सकाळी त्यानं माणूस पाठवला. तोच मागा म्हणाला. का? आता पुरे झालं म्हणून? की खरंच त्या बिचाऱ्याची गाडी तापत होती एवढंच?

“बस ना दादा,” भाऊ म्हणाला. “निळ्या पिकअपवाला आला होता का? घाटात गाडी तापते त्याची. मी म्हटलं, दादाकडे जा.”

“आला होता.”

“बसवलास?”

त्यानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात काही नव्हतं. टोमणा नव्हता, वाट बघणं नव्हतं. टेपचं रीळ बोटात फिरवत तो नुसता विचारत होता. की असं नुसतं विचारायलाच दोन वर्षं लागली होती?

“नवा मागवलाय,” तो म्हणाला.

“हं,” भाऊ म्हणाला. “बाटली लावून बघशीलच.” आणि उठून आईच्या डोळ्याची पट्टी सोडायला लागला. मान मागे कर आई, वर बघ, मिटू नकोस. एक थेंब. बस, झालं.

खिशातलं बूच आता काढता आलं असतं. हात खिशापर्यंत गेलाही. पण ते वाक्य – सायकलच्या दुकानापासून जुळवत आणलेलं, घासूनपुसून लख्ख केलेलं – ते आता कुठल्या तोंडानं म्हणायचं? सांगायला काही उरलंच नव्हतं. स्वतःहून द्यायला निघालो होतो ते यानं आधीच उघडून, बघून, टेप लावून परत फळीवर ठेवून दिलं होतं. आणि मग जे वर आलं ती लाज नव्हती. लाज असती तर बरं झालं असतं. तो राग होता, धडधडीत राग – हलकटा, तू बोलला का नाहीस? चार लोकांत माझ्या तोंडावर फेकायचंस ते बूच. शिव्या द्यायच्यास, कॉलर धरायचीस. मी दोन लगावल्या असत्या, तू दोन लगावल्या असत्यास, फिट्टंफाट झाली असती. गाडी तुझी गेली. पण मला असं वरच्या फळीवर ठेवून देण्याचा हक्क तुला कुणी दिला? घरात मोठा मी होतो. की दोन वर्षं नव्हतोच... आणि सगळ्या घरात ते एकट्या यालाच ठाऊक होतं?

“येतो दादा,” भाऊ दारात म्हणाला. “पाळी आहे.”

“जेवून जा,” तो म्हणाला. आवाज भांडल्यासारखा आला. बायकोनं आतून डोकावून पाहिलं.

“डबा आहे काट्यावर.” भावानं चपला घातल्या. जिना उतरताना त्याच्या पायांचा आवाज येत राहिला – हलका, एकेका पायरीवर नीट पडणारा. हा पाय म्हणे जड.

तो खुर्चीजवळ खाली बसला. काठी आईच्या मांडीवर आडवी होती. तिच्या मुठीवरचं ते दुमडलेलं टोक त्यानं अंगठ्यानं उचकटलं, दाबलं, पुन्हा उचकटलं.

“काय रे, सोडतोयस का ते?” आईनं विचारलं. औषधानं तिचा डोळा वाहत होता.

“नाही.”

“मग हात काढ. आत्ता कुठे घट्ट झालंय.”

त्यानं हात काढला नाही.